तायडे सरांनी मागे घेतलेला धडा

आदरणीय उत्तमराव तायडे सरांची आणि माझी पहिली ओळख अमरावतीत, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर झाली. बी.एस्सी. होऊन मला वर्ष उलटून गेले होते. चांदूर बाजारजवळच्या आमच्या खेड्यातून मी अमरावतीला मावशीकडे येऊन राहिले होते. मुलाखतीला जायचे, तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि मान खाली घालून परत यायचे, असे चालले होते. मावशीच्या शेजारच्या काकांनी सांगितले, की सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक साहेब दर रविवारी मुलामुलींची मुलाखतीची तयारी करून घेतात आणि फी घेत नाहीत. त्या रविवारी मावशीने मला जवळजवळ ढकलतच तिथे नेले.

सर गिरणीत पर्सोनेल ऑफिसर होते. भरतीच्या मुलाखती घेण्यातच त्यांची सारी नोकरी सरली होती. गिरणी बंद पडल्यावर हे आपल्याजवळचे ज्ञान खेड्यापाड्यांतल्या मुलांना द्यावे, म्हणून त्यांनी हा वर्ग सुरू केला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभे केले आणि स्वतःबद्दल बोलायला सांगितले. मी म्हणाले, "मले बॉटनी आवडते..." आणि वर्गात खसखस पिकली. मी तिथेच थांबले. सरांनी हसणाऱ्यांकडे पाहिले. "यात हसण्यासारखं काय आहे? मी घरी मले-तुलेच बोलतो," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "मले म्हणा, मला म्हणा, पण वाक्य अर्धं सोडू नका. समोरचा माणूस पुढचं ऐकायला बसलेला आहे." ते आम्हा सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. आमच्या वयाच्या मुलांना तोवर कुणी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते. निम्मा धीर त्यानेच यायचा.

सरांच्या पत्नी मंदाकाकू यांचेही ऋण इथेच नोंदवते. माझ्या पायांत रबरी चपला पाहून सर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मात्र काकू स्वतःचे सँडल पिशवीत घालून मावशीकडे आल्या. "मले चावतात हे. तू घालून पाह्य," असे म्हणून ते ठेवून गेल्या. ते त्यांना चावत नव्हते हे मला नंतर कळले.

सरांच्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने मला ‘सरांची शिस्त’ हा विषय दिला होता. त्यावर मी आनंदाने लिहिले असते. पण सरांना ते कळले आणि त्यांचा फोन आला. "सविता, लिहायचं असेल तर अकोल्याचं लिहा. ते गाळणार असाल तर लिहूच नका." मी म्हटले, "सर, ते छापून येईल. माझ्या सासरचे लोक वाचतील. गावात वाचतील." सर म्हणाले, "मलाही ओळखणारे लोक आहेत. तेही वाचतील." तेव्हा जे लिहिते आहे ते त्यांच्या आज्ञेवरून, आणि लिहिताना कान गरम होत आहेत हेही सांगून टाकते.

मुलाखतीत बसायचे कसे, पाहायचे कुठे, येत नसेल तर ‘येत नाही’ कसे म्हणायचे, सगळे सर वर्गात शिकवत. त्यातला एक धडा मुलाखतीच्या शेवटाचा होता. "शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचं आहे का? तिथं भलेभले घसरतात," सर सांगत. पगार किती, रजा किती, सुटायची वेळ काय, घरी जायला गाडी मिळेल का, हे विचारू नका. नोकरी मिळायच्या आधीच सोयी मागणारा माणूस पुढे त्रास देतो, असे समोरच्याला वाटते. मग ते एक किस्सा सांगत. "आमच्या गिरणीत एकाची मुलाखत झकास झाली. शेवटी विचारलं, काही शंका? तर म्हणे, साहेब, बाथरूम कुठं आहे? आम्ही बाथरूम दाखवलं, आणि त्यांचं नावही तिकडंच गेलं." सर किस्सा रंगवून सांगत. दर नव्या तुकडीला सांगत आणि दर वेळी आम्ही सगळे हसत असू. मुलीही हसत.

काही महिन्यांनी अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कारखान्यात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. मी सकाळच्या बसने निघाले आणि वेळेच्या बरीच आधी पोहोचले. उन्हाळा लागला होता, वाटेत पाणी पीत आले होते. गेटवरच्या वॉचमनला हळूच विचारले, "दादा, लेडीज बाथरूम कुठं आहे?" त्याने मान हलवली आणि कंपाउंडच्या मागच्या बाभळींकडे हात केला. मी तिकडे गेले नाही. तशीच मुलाखतीला बसले.

मुलाखत चांगली झाली. बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासतात हे मी न अडखळता सांगितले. शेवटी मॅनेजरसाहेबांनी विचारले, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" प्रश्न माझ्या जिभेवर होता. जिभेवर कसला, मी पाय आवळूनच बसले होते. मी म्हणाले, "नाही सर. कामाची पूर्ण कल्पना आली." मुलाखत घेणारे तिघेही खूश झालेले दिसले. नोकरी मला मिळाली. रविवारी सरांनी मला वर्गासमोर उभे केले आणि सगळ्यांना पेढे वाटले.

त्या कारखान्यात एकच बाथरूम होते, ऑफिसच्या बाजूला, पुरुषांचे. बियाणे निवडणाऱ्या बायका दोघी-दोघींनी बाभळींमागे जात. मला ते जमले नाही. त्यांच्यातल्या कमलाबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले, "म्याडम, दुपारपावतर पानीच पेऊ नोका. सवय होते मंग." मी पाणी सोडले. अकोल्यात मी खोली घेतली होती; तिथल्या उन्हात खोलीवरून नेलेली बाटली भरलेली परत आणू लागले. पाळीच्या दिवसांत ताप आल्याचे सांगून रजा घेऊ लागले. रजा फार होतात म्हणून मॅनेजरसाहेबांनी बोलावून समज दिली, तेव्हाही मी खाली पाहून ऐकून घेतले. सर फोनवर विचारत, "कसं चाललंय?" मी सांगे, "छान चाललंय सर."

पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस मला हुडहुडी भरून ताप आला. कमलाबाईंनी आणि दुसऱ्या एकीने ऑटोत घालून मला दवाखान्यात नेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की लघवीचा जंतुसंसर्ग किडनीपर्यंत गेला आहे. त्यांनी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?" मी उत्तर दिले नाही. गावाहून आई येऊन माझ्याजवळ बसली. तिलाही मी काही सांगितले नाही.

मावशीकडून कळल्यावर सर आणि काकू अमरावतीहून मला पाहायला आले. आई तेवढ्यात औषधे आणायला गेली होती. सरांनी विचारले, "काय झालं, सविता?" मी म्हटले, "ऊन लागलं सर." काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डबा गरम करून आणायच्या निमित्ताने सरांना बाहेर पाठवले आणि खाटेवर बसल्या. "आता सांग," त्या म्हणाल्या. बाईमाणूस म्हणून मी त्यांना सगळे सांगितले. सांगून झाल्यावर हात जोडले, की सरांना हे कळू देऊ नका.

काकूंनी ऐकले नाही. सर डबा घेऊन आत येताच त्या म्हणाल्या, "हिले ऊन नाही लागलं. तिथं बायकांसाठी बाथरूमच नाही. पोरगी पानी न पेता काम करून राह्यली होती."

मी भिंतीकडे तोंड केले. सरांनी विचारले, "मुलाखतीच्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो सर."

"मग विचारलं काहून नाही?"

वर्गात कधी न येणारा ‘काहून’ त्यांच्या तोंडून आला. उत्तर काकूंनी दिले. "तुमीच शिकोलं ना तिले, इचारू नोका म्हनून. वरून किस्सा सांगून हसवता पोराइले."

सरांनी डबा स्टुलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. मला वाटले, रागावून गेले. दिवस मावळायला ते परत आले तेव्हा त्यांच्या बुटांवर धूळ होती. आल्यावरही ते माझ्याशी नजर मिळवत नव्हते. "बऱ्या झालात की अमरावतीला या. मला वर्गात काही सांगायचं आहे. तुमचं नाव घेणार नाही," एवढेच म्हणाले.

बरी झाल्यावर मी मावशीकडे आले आणि त्या रविवारी वर्गात मागच्या बाकावर बसले. सर फळ्याशी उभे राहिले. आमच्या वर्गातली एक मुलगी एका कारखान्यात आजारी पडली, ती माझ्यामुळे, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. मग दवाखान्यातून ते कुठे गेले होते तेही सांगितले. ते त्या कारखान्यात गेले होते. तिथल्या मॅनेजरांनी उठून त्यांना नमस्कार केला, कारण ते पूर्वी गिरणीत सरांच्याच हाताखाली होते. मुलाखती घेताना सरांच्या शेजारी बसत. सरांनी विचारले, की इथे इतक्या बायका काम करतात, त्यांची सोय का नाही? मॅनेजर म्हणाले, "कुणी मागितली नाही साहेब. आणि मागणाऱ्यांना आपण घेतच नाही. सोयी विचारणारा माणूस पुढं त्रास देतो, हे तुमच्याजवळच तर शिकलो."

हे सांगून सर म्हणाले, "तो बाथरूमचा किस्सा तुम्हाला मी अर्धा सांगत होतो. तो उमेदवार बाई होती. माझ्या मुलीच्या वयाची. तिचं नाव खोडणारा मीच होतो. आम्ही सगळे हसलो, ती हसली नव्हती. आज मला तिचं नाव आठवत नाही. मी चुकीचं शिकवलं. तो धडा मी मागे घेतो. तुमची माफी मागतो."

इतक्या मोठ्या माणसाने आपली माफी मागावी, याने आम्हालाच मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. तेवढ्यात मूर्तिजापूरहून येणारी प्रतीक्षा नावाची एक मुलगी उभी राहिली. ती खाली पाहतच बोलली. "सर, इथंबी नाही."

सरांना कळले नाही. "काय नाही?"

"बाथरूम. खालचं वाचनालयाचं हाय, पन रविवारी त्याले कुलूप असते."

मी त्या वर्गात कित्येक रविवार येत होते आणि दर रविवारी मावशीच्या घरापर्यंत घाईने चालत जात होते. माझ्याप्रमाणेच बाकीच्या मुलीही. सर म्हणाले, "मला माहीत..." आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "मी कधी विचारलं नाही." त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्ग सोडला. पुढच्या रविवारपासून वर्ग त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत भरू लागला. काकूंनी न्हाणीघराच्या दाराला आतून नवी कडी बसवून घेतली आणि आलेल्या प्रत्येक मुलीला आधी ते दार दाखवले.

त्यानंतर सर शिकवू लागले, की विचारा. नीट, सरळ शब्दांत विचारा. एका मुलाने शंका काढली, "सर, विचारलं अन् नोकरी गेली तर?" सर म्हणाले, "तसंही होऊ शकतं." पण ते खरोखर होईल असे बहुधा त्यांनाही वाटले नसावे.

ते प्रतीक्षाच्या बाबतीत झाले. मूर्तिजापुरात एका मोठ्या दुकानात हिशेब ठेवण्याची जागा होती, घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. मालकांनी तिला जवळजवळ होकार दिला होता. शेवटी तिने शिकवल्याप्रमाणे बाथरूमचे विचारले. मालक शेजारच्या माणसाकडे पाहून हसले आणि म्हणाले, "बाई, काम करायला येऊन राहिल्या की कशाले?" ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

सरांनी तिच्या घरी जायचे ठरवले. मी पुन्हा कामावर रुजू झाले होते. अकोल्याहून गाडीने जाऊन मूर्तिजापूर स्टेशनवर त्यांना भेटले आणि आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. प्रतीक्षा बाहेर आली नाही. तिच्या वडिलांनी आम्हाला बसायला दिले, पाणी दिले आणि मग म्हणाले, "सर, तुमी मोठे मानसं. पन नोकरी हातात होती. असं काहून शिकोलं तिले? सारं गाव हसून राह्यलं, पोरीनं मुलाखतीत संडास इचारला म्हनून. तुमचं काय गेलं?"

सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." मला वाटत होते, त्यांनी आपली बाजू मांडावी. ते ऐकत बसले. वडिलांचे बोलून संपले तेव्हा उठून त्यांनी नमस्कार केला.

फलाटावर गाडीची वाट पाहताना सर म्हणाले, "आधी विचारू नका म्हणून एकीला आजारी पाडलं. आता विचारा म्हणून एकीची नोकरी घालवली. दोन्ही वेळेला मी आपला घरी बसून होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "यापुढं मीच विचारतो. मला कोण नोकरीवरून काढणार?"

त्या दिवसापासून सरांनी जे सुरू केले ते आजतागायत चालू आहे. वर्गातल्या कुणाला मुलाखतीचा निरोप आला, की सर आधी एसटीने त्या ठिकाणी जातात. अमरावती असो, अकोला असो, एखादी डाळमिल असो की शाळा. नाव सांगतात आणि विचारतात, की इथे बायकांसाठी बाथरूम आहे का, त्याला पाणी आणि कडी आहे का, संध्याकाळी सुटल्यावर मुलींनी घरी कसे जायचे. नसेल तर पुन्हा जातात. कुठे त्यांना चहा मिळाला, कुठे गेटच्या आत घेतले नाही. काही ठिकाणांहून आमच्या वर्गाला बोलावणे येणे बंद झाले. वर्गातली मुले कमी झाली. औद्योगिक वसाहतीत त्यांना ‘संडासवाले सर’ म्हणू लागले. हे नाव मी पहिल्यांदा आमच्याच कारखान्यात ऐकले. हसणाऱ्यांत मी नव्हते, पण तेव्हा त्यांना गप्प करण्याइतके बळही माझ्यात नव्हते. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाच्या कानावर ते गेले आणि तो चिडला. सर त्याला म्हणाले, "आधीच्या नावापेक्षा हे बरं आहे." आधीचे म्हणजे गिरणीतल्या साहेबाचे नाव त्यांना का नकोसे झाले, ते त्याने विचारले नाही आणि सरांनीही सांगितले नाही.

आमच्या कारखान्यात सर किती वेळा आले ते मला मोजता आले नाही. मॅनेजरसाहेब एकेकाळचा मान राखून त्यांना बसवत आणि पुढच्या महिन्याचा वायदा करत. अखेर बाथरूम बांधले गेले. पण त्याला कुलूप घातले आणि किल्ली वॉचमनच्या कमरेला लावली. त्याच्याकडे किल्ली मागायला एकही बाई जाईना आणि सगळ्या पुन्हा बाभळींमागे जाऊ लागल्या. सर परत आले. तासभर बोलणे झाले आणि किल्ली कमलाबाईंकडे आली. त्या दिवशी सर गेटमधून बाहेर पडताना कमलाबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. सरांनी पाय मागे घेतले. "मला नका करू बाई. माझ्यामुळंच इतकी वर्षं गेली," ते म्हणाले. कमलाबाईंना त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला.

मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. आता मुलाखतीच्या टेबलापलीकडे मला बसवतात. उमेदवार मुलगी आत आली, की मुलाखतीआधी मी तिला बाथरूम दाखवून आणते. माझे सहकारी याला माझी खोड म्हणतात. शेवटी ‘काही विचारायचं आहे?’ असे विचारल्यावर बहुतेक मुली अजूनही ‘नाही’ म्हणतात, आणि तेव्हा मला माझाच आवाज ऐकल्यासारखे होते.

या ग्रंथात प्रतीक्षाचा लेख नाही. तिला पत्र गेले होते, तिच्याकडून उत्तर आले नाही. ती मूर्तिजापुरातच झेरॉक्सचे दुकान चालवते असे कळते. आणखी एकदा विचारू का, असे संपादकांनी सरांना म्हटले तेव्हा सर म्हणाले, "तिला आग्रह करू नका." सरांचे मोठेपण सांगताना हा भाग गाळावा, असे मलाही एकदा वाटून गेले. पण मग हा लेख सरांचा राहिला नसता. ज्या गोष्टीची लाज वाटते ती गोष्ट झाकायची, असेच मी माझ्या घरीदारी पाहत आले. ती उघड सांगून तिच्यामागे उन्हातान्हात फिरणारे मला एकच माणूस भेटले.

सरांसाठी काय मागावे, हे मी मंदाकाकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "गुडघे माग त्याइचे. बाकी सारं आहे." तेव्हा आधी सरांच्या गुडघ्यांना बळ लाभो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पुन्हा एसटीची पाटी लांबून वाचता येवो. काकूंचे बोलणे त्यांना असेच अनेक वर्षे ऐकायला मिळो, आणि दोघांनाही निरोगी, शांत झोपेचे दीर्घ आयुष्य लाभो. आणि सर, एवढ्यात एखादा दिवस सवड काढून अकोल्याला या. कुठेही काहीही विचारायला नको. माझ्या घरी या, जेवा आणि दुपारी निवांत पडा.